क्लाउडवर हजारो फायली हलवल्या, अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे : काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

लग्नसराई ओसरली की फोटो स्टुडिओवाले येतात, रिटर्न भरून झाले की हिशेबाच्या ऑफिसातली मंडळी येतात. तक्रार एकच : "ड्राइव्हवरचं फोल्डर हलवलं आणि निम्मा डेटा गेला की ओ!" कोल्हापूरच्या शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे हे दुखणं वरचेवर हाताखालून जातं. २०१९ च्या आणि परत २०२१ च्या महापुरानंतर इथल्या कितीतरी दुकानदारांनी घाईघाईने होतं नव्हतं ते सगळं क्लाउडवर चढवलं. जिथे जागा दिसली तिथे टाकलं, तीन-तीन ईमेल खात्यांवर टाकलं. आता ते आवरायला बसलं की घोळ होतो.

डेटा सहसा गेलेला नसतो. तो शोधायच्या आधी लोक जे करतात, त्यातून जातो. खालचा क्रम त्यासाठीच आहे : आधी फुकटातलं, मग वेळखाऊ, शेवटी जोखमीचं. उदाहरणं बहुतेक गूगल ड्राइव्हची आहेत, कारण इथे बहुतेकांकडे तेच आहे. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचं वेगळं असेल तिथे तसं लिहिलंय.

लक्षणं

यातलं एखादं दिसत असेल तर पुढे वाचा.

– "हलवत आहे" ही पट्टी स्क्रीनच्या कोपऱ्यात येऊन तिथेच बसलीय.
– काही फायली नव्या फोल्डरात, काही जुन्यात. बेरीज मात्र जमत नाही.
– फाइल जुन्या जागीही नाही, नव्या जागीही नाही.
– एकाच नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी उभी आहेत.
– तुम्हाला सगळं दिसतंय, पण काल उघडत असलेला अल्बम आज डिझायनरला उघडत नाही.
– नुसतं हलवताना "जागा संपली" असा संदेश आला, किंवा सी ड्राइव्ह लाल झाला.
– आवरलेलं फोल्डर दुसऱ्या दिवशी परत भरलेलं.

पहिली गोष्ट : हात बाजूला

परत "मूव्ह" दाबू नका. ट्रॅश रिकामा करू नका. कॉम्प्युटर आणि क्लाउडवरच्या फायली जुळत्या ठेवणारं, म्हणजे सिंकचं अ‍ॅप काढून टाकू नका.

गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये गेलेली फाइल ३० दिवस राहते, मग आपोआप कायमची जाते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही ३० दिवस, ऑफिसच्या खात्यात साधारण ९३. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. ट्रॅशमधला माल खात्याच्या जागेत मोजला जातो, म्हणून "जागा संपली" दिसलं की पहिला हात तिकडेच जातो. तो आवरा. जागा नंतरही करता येते.

हलवून काही क्षणच झाले असतील आणि दुसरं काही केलं नसेल, तर ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि झेड दाबून पाहा. शेवटचं हलवणं उलटं फिरतं. हे फार जणांना माहीत नसतं.

खातं कुठलं?

वर उजव्या कोपऱ्यातला गोल फोटो बघा. हसू नका. "फोटो गेले" म्हणून आलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्याच खात्यात बसलेले असतात. स्टुडिओचं एक जीमेल, मालकांचं घरचं एक, आणि फोन घेताना दुकानातल्या पोराने काढून दिलेलं तिसरं. ब्राउझर यातलं कुठलंही उघडतो. प्रत्येक खात्यात जाऊन त्याच फाइलचं नाव शोधा. याला पैसे लागत नाहीत आणि पाच-दहा मिनिटांत निकाल लागतो.

सगळं निवडलं होतं का?

अर्धवट हलण्याचं मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण हेच. फोल्डरात बारा हजार फोटो आहेत. तुम्ही आत जाऊन कंट्रोल-ए दाबलं. पण ब्राउझरमध्ये यादी एकदम उतरत नाही, खाली सरकत जाल तशी उतरते. जेवढी उतरली तेवढीच निवडली गेली, तेवढीच हलली. बाकीच्या जिथल्या तिथे आहेत, कुणी त्यांना हातही लावलेला नाही.

जुनं फोल्डर उघडून शेवटपर्यंत खाली सरकवा. नावांचा क्रम बघा. कॅमेऱ्याच्या फायलींना ओळीने नंबर असतात, म्हणून स्टुडिओवाल्यांचं हे काम सोपं : नव्या फोल्डरात शेवटचा नंबर ०८१४ आणि जुन्यात पहिला ०८१५ असेल तर निदान झालं. मधलेच नंबर तुटक तुटक गायब असतील तर प्रकरण वेगळं, पुढे चला.

फायलींची निवड मोठी असेल तर ब्राउझर त्या टप्प्याटप्प्याने हलवत बसतो. मध्ये टॅब बंद केला, लॅपटॉप मिटला, नेट गेलं की उरलेल्या मागे राहतात. म्हणून पट्टी दिसत असेपर्यंत तो टॅब तसाच उघडा ठेवा आणि दुसऱ्या मशीनवरून तेच खातं उघडून पाहा. तिथे फायली नव्या जागी दिसत असतील तर काम झालंय, फक्त तुमचा स्क्रीन जुना आहे. पान ताजं करा.

फायली नका हलवू, फोल्डर हलवा

हे वरच्याचंच औषध आहे. एकाच खात्यात फाइल हलते तेव्हा तिचा एक बाइटही जागचा हलत नाही. "ही फाइल कुठल्या फोल्डरात आहे" एवढी नोंद बदलते, बस्स. बारा हजार फायली निवडल्या तर बारा हजार नोंदी बदलायच्या. त्या ज्यात आहेत ते फोल्डरच उचललं तर बदलायची नोंद एकच. उसाची मोळी सोडून एकेक कांडं ट्रॉलीत कुणी टाकत नाही.

सगळं एकाच फोल्डरात विखुरलेलं असेल तर थोडा वेळ जातोच. तारखेप्रमाणे किंवा पार्टीप्रमाणे दोनशे-चारशेच्या तुकड्यांत हलवा, आणि प्रत्येक तुकडा पोचला की मगच पुढचा घ्या.

इथे एक खोच आहे. विंडोजमध्ये "फोटो" नावाचं फोल्डर दुसऱ्या "फोटो" असलेल्या जागी टाकलं की दोन्ही एकत्र होतात. ड्राइव्ह तसं करत नाही. तिथे एकाच नावाची दोन फोल्डर सुखाने नांदतात, फायलीही नांदतात. म्हणून "डुप्लिकेट झालंय" म्हणून एक उडवू नका. दोन्ही उघडून आत काय आहे ते बघा. बहुतेक वेळा निम्मा माल एकात आणि निम्मा दुसऱ्यात असतो.

फाइल दोन्हीकडे नाही

नावाने शोधा, सापडली की तिच्यावर राइट-क्लिक करून माहिती उघडा. "लोकेशन" मध्ये ती आत्ता कुठे आहे ते लिहिलेलं असतं. त्याच्या शेजारच्या "अ‍ॅक्टिव्हिटी" मध्ये कुणी, कधी, कुठून कुठे हलवली याची नोंद असते. दुकानात चार जणांकडे एकच फोल्डर असेल तर भांडण सुरू होण्याआधी हे पान उघडा. शेजारच्या शेल्फात सरकलेलं फोल्डर इथे सापडतं, आणि कुणाच्या माऊसने सरकलं तेही.

लोकेशन रिकामं असेल तर फाइल पोरकी झालीय, तिच्या डोक्यावर फोल्डरच नाही. शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत "इज:अनऑर्गनाइज्ड ओनर:मी" टाइप करा. तुमच्या मालकीच्या अशा सगळ्या फायली एका यादीत येतात. एक नवं फोल्डर करून त्यात गोळा करा आणि मग निवांत लावा.

मालक कोण, ते बघितल्याशिवाय पुढे नको

त्याच माहितीच्या पानावर "ओनर" लिहिलेला असतो. फोल्डर तुमचं आहे म्हणून आतल्या फायली तुमच्या असतीलच असं नाही. ज्याने चढवली त्याची फाइल. नोकरी सोडून गेलेल्या मुलाने स्वतःच्या जीमेलवरून वर्षभर बिलं चढवली असतील, तर ती कागदोपत्री त्याची आहेत. त्याने त्याचं खातं साफ केलं की तुमच्या फोल्डरातून ती जातील. फोल्डरची मालकी बदलून घेतली तरी आतल्या फायलींची बदलत नाही, ती वेगळी बदलावी लागते. आणि कंपनीच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये न्यायला गेलात तर संस्थेबाहेरच्या मालकाच्या फायली तिथे जातच नाहीत, मागे राहतात. बेरीज न जमण्याचं हेही एक कारण.

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमध्ये हे फार दिसतं. पॅटर्नची ड्रॉइंग बाहेरच्या ड्राफ्ट्समनने स्वतःच्या खात्यातून शेअर केलेली असतात आणि सगळ्यांना वाटतं ती आपली. अशा फायली हलवण्याआधी त्या माणसाला फोन लावा. त्याच्याकडून मालकी घेता येते, नाहीतर फाइल उतरवून स्वतःच्या खात्यावर चढवायची. वाद असेल, पैसे अडकले असतील, तर काहीच हलवू नका. ते कॉम्प्युटरवाल्याचं काम नाही.

शेअरिंग

फोल्डर ज्यांच्याशी शेअर असतं, त्यांना आतलं सगळं दिसतं. फाइल तिथून बाहेर काढली की तो वारसा सुटतो आणि नव्या फोल्डरचा लागू होतो. अल्बम डिझायनरला फाइल उघडेना याचं कारण हे. लिंक मोडलेली नसते, हलवल्याने ड्राइव्हची लिंक बदलत नाही. परवानगी गेलेली असते.

उलट बाजू जास्त वाईट. हुपरीच्या एका चांदीवाल्याकडे पैंजणांच्या नव्या डिझाइनचे फोटो चुकून "रेट लिस्ट" फोल्डरात सरकले होते, आणि ते फोल्डर सगळ्या व्यापाऱ्यांशी शेअर. मोठं हलवण्याआधी दोन्ही फोल्डरच्या शेअरिंगच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. एवढंच करा, पुढचा ताप वाचतो.

जागा संपली म्हणतंय

एकाच खात्यात हलवताना जागा वाढत नाही, वाढूच शकत नाही. वाढत असेल तर तुम्ही हलवत नाही, कॉपी करताय. बहुतेक वेळा माल एका खात्यातून दुसऱ्यात चाललाय, किंवा विंडोजच्या खिडकीतून एका ड्राइव्हच्या अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर ओढलाय. मग प्रत्येक फाइल आधी तुमच्या मशीनवर उतरते आणि परत वर चढते.

गूगलच्या फुकट खात्याचे १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो मिळून आहेत. ते भरले की जीमेलला मेल येणं थांबतं. फोटो हलवता हलवता ऑर्डरचे मेल बंद पडलेले पाहिलेत, आणि दोन्हीचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही.

कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं अ‍ॅप असेल तर सेटिंगमध्ये "स्ट्रीम" आहे की "मिरर" ते बघा. मिररमध्ये सगळा माल मशीनवरही असतो. स्ट्रीममध्ये माल वरच असतो, पण काम करताना तात्पुरत्या प्रती सी ड्राइव्हवर साठतात. शंभर जीबी एका खात्यातून दुसऱ्यात ओढलं आणि सी वर चाळीसच मोकळे असले, तर अडकणारच. अडकलं म्हणून अ‍ॅप काढून टाकलं तर अजून वर न चढलेल्या फायलींवर पाणी सोडावं लागू शकतं. आधी सिंक थांबवा, रांगेत किती बाकी आहेत ते बघा.

आवरलेलं परत भरतंय? मग कुठेतरी दुसरं मशीन जागं आहे. ऑफिसातला जुना पीसी, एडिटरचा लॅपटॉप किंवा रात्री बॅकअप घेणारा डबा. त्याला मूळ डिस्कवर फायली दिसतात, वर दिसत नाहीत, म्हणून तो इमानेइतबारे पुन्हा चढवतो. आधी तो बंद, मग आवराआवर.

नावांचा घोळ

बिलाच्या फायलींना लोक बिलाचाच नंबर देतात : "२४-२५/११७". ब्राउझरमध्ये ही तिरकी रेघ चालते. विंडोजला चालत नाही, वनड्राइव्हलाही नाही. तारखेतली तिरकी रेघ, वेळेतला विसर्ग-चिन्हासारखा कोलन, प्रश्नचिन्ह, सगळ्यांची तीच गत. अशा फायली अडतात किंवा वेगळ्या नावाने उतरतात, आणि मोजदाद चुकते. साधी आडवी रेघ वापरा.

मराठी नावांचं आणखी एक आहे. "गिऱ्हाईक" मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. फोनच्या कीबोर्डवरून एक, ऑफिसच्या पीसीवरून दुसरा. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. त्यामुळे "गिऱ्हाईक" नावाची दोन फोल्डर होतात आणि शोधताना एकच सापडतं. "कऱ्हाड" चंही तसंच. शोधाला दगा येत असेल तर नावाचा दुसरा शब्द टाकून बघा.

नावं लांबही नकोत. वनड्राइव्हमध्ये फोल्डर-आत-फोल्डर मिळून पूर्ण पत्ता ४०० अक्षरांत बसावा लागतो, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. "मुलीकडच्यांचे हळदीचे फायनल निवडलेले फोटो नवीन" अशी पाच फोल्डर एकात एक घातली की निम्म्याहून जास्त मर्यादा तिथेच संपते.

दोन खात्यांमधली मोठी बदली

इथून पुढे वेळ आणि नेट दोन्ही लागतात. आधी हिशेब करा. ३०० जीबी आणि अपलोड २० एमबीपीएस असेल तर न थांबता साधारण ३३ तास. मध्ये वीज गेली तर जास्त. संध्याकाळी सुरू करून सकाळी तयार होईल, असं गिऱ्हाइकाला सांगू नका. नेट कितीही भारी घेतलं तरी गूगलकडे एका खात्याला दिवसाला ७५० जीबी चढवण्याची मर्यादा आहे.

बारीक फायली तर जास्तच रडवतात. आरक्लोन नावाचं फुकट साधन आहे, आम्ही तेच वापरतो. त्यातूनही गूगल ड्राइव्हवर सेकंदाला दोनच्या आसपास फायली जातात. म्हणजे १८,००० बारीक फायलींना अडीच तास, मग त्या कितीही छोट्या असोत. ते काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून चालवायचं साधन आहे. सवय नसेल तर हात घालू नका. घातलात तर आधी "ड्राय रन" करून काय काय होणार आहे ते वाचा, "मूव्ह" ऐवजी "कॉपी" वापरा, नंतर दोन्हीकडचं "चेक" ने ताडून बघा आणि मगच जुनं काढा. एका फटक्यात मूव्ह करायचा मोह आवरा.

बकेटमध्ये, म्हणजे भाड्याच्या मोठ्या ऑनलाइन कोठारात, माल ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी एकच सूचना : अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या साठवणीत फोल्डर नसतातच, ते फाइलच्या नावाचा पुढचा भाग असतात. तिथे हलवणं म्हणजे कॉपी करून जुनं पुसणं, आणि लाखभर फायलींच्या त्या कामाचं बिल येतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

टॅलीचा डेटा. पाच-सहा आकड्यांच्या नावाचं फोल्डर, उदाहरणार्थ १०००३, दिसलं की लोकांना तो कचरा वाटतो. ती एक अख्खी कंपनी असते. ते आतून फोडू नका, टॅली चालू असताना हलवू नका. हलवायचंच असेल तर टॅली बंद करून, बॅकअप घेऊन, तुमच्या टॅलीवाल्याला विचारून.

लाइटरूमचा (फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरचा) कॅटलॉग. त्याने फोटोंचे पत्ते लिहून ठेवलेले असतात. बाहेरून हलवले की प्रत्येक फोटोवर उद्गारचिन्ह येतं. एखादं फोल्डर असेल तर त्यातूनच नवा पत्ता दाखवता येतो. वर्षभराचं काम विखुरलं असेल तर जाणकाराला बसवा.

ट्रॅश रिकामा झालाय. कंपनीचं गूगल वर्कस्पेस खातं असेल तर त्याच दिवशी अ‍ॅडमिनला गाठा. ट्रॅशमधून कायमचं गेलेलंही त्याला पुढचे २५ दिवस परत आणता येतं. वैयक्तिक खात्यासाठी गूगलकडे मदत-पानावरून विनंती करता येते, हमी नाही. हार्ड डिस्कमधला डेटा काढून देणाऱ्यांकडे यासाठी जाऊ नका. त्यांना डिस्क लागते, क्लाउडवरचं त्यांच्या हातात काही नसतं. मिरर केलेला लॅपटॉप असेल तर मात्र तो लगेच बंद करून त्यांच्याकडे न्या.

अ‍ॅक्टिव्हिटीत अनोळखी नाव दिसतंय. मग हा हलवाहलवीचा प्रश्न नाही. पासवर्ड बदला, बाकीच्या मशीनवरून खातं बाहेर काढा आणि मग बोलवा.

नोटीस, ऑडिट किंवा भागीदारीतला वाद सुरू आहे. फाइल कुणी कधी हलवली याची नोंदही तिथे पुरावा ठरते. सीए किंवा वकिलांना विचारल्याशिवाय एकही फाइल इकडची तिकडे करू नका.

बोलावलेल्या माणसाला पासवर्ड आणि ओटीपी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, शेजारी बसून स्वतः टाका. त्याला तीन गोष्टी तयार ठेवा : कुठल्या खात्यातून हलवलं, साधारण किती वाजता, आणि एका तरी हरवलेल्या फाइलचं नेमकं नाव. "सगळेच फोटो गेले" यावरून शोधता येत नाही. एका फाइलच्या नावावरून बहुतेक वेळा बाकीच्या सापडतात.